शंभरातला एक

भिलाई, जिल्हा दुर्ग

सर फ्रँक स्लाय यांस,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची ही माझ्या घरची रीत. तुमच्यासाठी ती मी मोडते आहे आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

लॉर्ड साउथबरो यांच्या १९१८-१९ च्या मताधिकार समितीचे तुम्ही उपाध्यक्ष होतात. १९२० मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झालात, त्याच वर्षाच्या अखेरीस प्रांताचे पहिले गव्हर्नर झालात आणि १९२५ पर्यंत नागपुरात बसून राज्य केलंत. मत कोणाला मिळावं हे ठरवणाऱ्यांत तुम्ही होतात आणि त्या मतांवर निवडून आलेल्यांचं ऐकायचं की नाही हेही तुम्हीच ठरवलंत. आधी दाराला कुलूप घातलंत, आणि मूठभर लोकांना किल्ली दिलीत तर त्यांनाही उंबऱ्यावर अडवलंत. म्हणून साउथबरोला नाही, भारतमंत्री माँटेग्यूलाही नाही, हे पत्र तुम्हाला.

मी भिलाईत राहते. बाबा १९५८ साली वर्धा जिल्ह्यातून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, तेव्हा पहिली भट्टी पेटायची होती. माझा जन्म सेक्टरमधल्या क्वार्टरातला. तुम्ही नकाशावर बोट ठेवून हा भाग पाहिला असेल तेव्हा इथे कारखाना नव्हता, होती ती धानाची खेडी. रुआबांधा, मरोदा, रिसाली, सुपेला. ही नावं आज बसच्या पाटीवर आणि भाजीबाजारात उरली आहेत. त्या खेड्यांत एक गौटिया असे, म्हणजे तुमच्या कागदांतला मालगुजार. त्याच्याकडे सौंजिया असत, पिकाच्या वाट्यावर राबणारे, आणि कमिया असत, जे कर्जापायी बापापासून मुलापर्यंत एकाच दाराशी बांधलेले. राऊत गुरं राखी. बायका रोपणीला चिखलात उभ्या राहत, पाऊस असो नसो.

यांतल्या कोणाला तुम्ही माणूस म्हणून मोजलंत? तुमची मोजपट्टी होती जमीनमहसूल, लगान, शहरातल्या घराचं भाडं, प्राप्तिकर, नाहीतर फौजेतलं पेन्शन. मत मागणाऱ्याच्या हातात आधी पावती हवी. धान पिकवणाऱ्याच्या हातात पावती नसते, ती धान मोजून घेणाऱ्याकडे असते. कित्येक वर्षं तुम्ही याच प्रांतात नोकरी केलीत आणि शेतीखात्याचं कामही पाहिलंत. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती असं मी मानणार नाही. लंडनहून काही महिन्यांसाठी आलेल्या लॉर्डाला ती न समजणं मी मान्य करीन. तुम्हाला नाही.

तुमच्या समितीचा अंदाज मी अनेकदा वाचला आहे. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार सुमारे ५२ लाख. मध्य प्रांताच्या वाट्याला १ लाख ६० हजारांच्या आतबाहेर. १९२१ च्या खानेसुमारीत वऱ्हाड धरून या प्रांतात सुमारे १ कोटी ३९ लाख माणसं होती. शंभर माणसं एका ओळीत उभी करा आणि त्यांतल्या एखाद्याला पुढे बोलवा. बाकीच्यांनी तो काय बोलतो ते ऐकायचं आणि त्यालाच आपला आवाज समजायचं. प्रतिनिधित्व हा शब्द तुम्ही याला लावलात.

ओळीतल्या बायकांना तर तुम्ही उभंही केलं नाहीत. स्त्रियांना मत देण्याची मागणी समितीपुढे आली होती आणि समितीने इथली सामाजिक स्थिती पुढे करून ती बाजूला सारली. पडदा, रूढी, लोक तयार नाहीत. चिखलात उभ्या असलेल्या त्या बायकांना कसला पडदा होता, सर? त्यांच्या अंगावर गुडघ्यापर्यंत खोचलेलं एक लुगडं होतं. मद्रास आणि मुंबईच्या कौन्सिलांनी १९२१ मध्येच स्त्रियांना मत दिलं. आमच्या प्रांताला १९२७ उजाडलं. तेव्हाही मिळालं ते पावती असलेल्या बाईला.

२७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत तुमच्या समितीपुढे सिडनहॅम कॉलेजातला २७ वर्षांचा एक प्राध्यापक साक्षीला आला होता. नाव भीमराव आंबेडकर. विठ्ठल रामजी शिंद्यांचीही साक्ष झाली. आंबेडकरांनी लेखी निवेदनात मांडलेला मुद्दा अगदी सरळ होता. अस्पृश्याकडे मालमत्ता नाही याचं कारणच हे की जातीने त्याला व्यापारापासून आणि चांगल्या धंद्यापासून दूर ठेवलं. मग मालमत्तेची तीच अट त्याला लावणं म्हणजे एका अन्यायाचा दाखला दुसऱ्या अन्यायासाठी वापरणं. त्याच्यासाठी अट खाली आणा, त्याचे प्रतिनिधी त्याला निवडू द्या, वरून नेमू नका. इतकं स्वच्छ सांगितल्यावरही समितीने नेमणुकीचीच शिफारस केली. गव्हर्नर ज्याच्याकडे बोट दाखवील तो लाखोंचा प्रतिनिधी. छत्तीसगडात गुरू घासीदासांना मानणारे सतनामी गावोगाव पसरले होते, आणि त्यांच्या वतीने कोणी बोलायचं हे नागपूरच्या बंगल्यात ठरणार होतं.

आता तुम्ही चीफ कमिशनर झालात त्या सालाची गोष्ट. भिलाईहून धमतरी दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर आहे. त्याच बाजूला कंडेल नावाचं गाव. महानदीच्या कालव्याचं पाणी घ्यावं म्हणून तुमचं पाटबंधारे खातं तिथल्या शेतकऱ्यांमागे दहा वर्षांच्या कराराचा तगादा लावून होतं. शेतकरी तयार होईनात. मग १९२० च्या भर पावसाळ्यात खात्याने गावावर पाणीचोरीचा आळ घेतला आणि चार हजारांच्या वर दंड बसवला. आभाळातून पाणी पडतंय, बांध भरून वाहताहेत आणि गावाने म्हणे कालवा चोरला.

गावाने दंड भरला नाही. शिपाई आले आणि गुरं सोडवून घेऊन गेले. ती गुरं लिलावासाठी बाजारात उभी केली. छत्तीसगडातला आठवडी बाजार मी पाहिला आहे. सकाळपासून माणसांची झुंबड, बैलाचे दात पाहणारे, शिंगांवरून हात फिरवणारे, उपरण्याखाली बोटांनी भाव करणारे. त्या दिवशीही माणसं तितकीच असतील. सरकारी माणूस बोली पुकारत राहिला आणि एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. गुरं परत न्यावी लागली. दुसऱ्या बाजारात उभी केली, तिथेही तेच. गुरांना चारा कोणी घालायचा हा खात्यालाच प्रश्न पडला. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे आपले नारायणराव मेघावाले गावोगाव फिरत होते. शेवटी दंड रद्द झाला.

सर, त्या बाजारात गप्प उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांपैकी तुमच्या मतदारयादीत किती होती? त्याच सालच्या नोव्हेंबरात तुमच्या कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. ज्यांना राजकारण कळत नाही असं तुम्ही कागदावर लिहून ठेवलंत, त्यांनी तुमच्या सरकारला झुकवलं. आणि तेही कोणाचं डोकं न फोडता, एक शब्द न बोलता. लोक तयार आहेत की नाही याचा पुरावा तुम्हाला हवा होता ना? तो तुमच्याच खात्याच्या दप्तरात होता. कंडेलच्या दंडाची फाइल उघडायची, एवढंच काम होतं.

त्याच डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. त्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला बोलायचं आहे ते १९२३ बद्दल, कारण तिथे तुमची खरी परीक्षा होती.

१९२३ मध्ये स्वराज्य पक्षाने निवडणूक लढवली आणि साऱ्या हिंदुस्थानात एकट्या मध्य प्रांतात त्याला स्पष्ट बहुमत मिळालं. डॉक्टर मुंजे, बिलासपूरचे राघवेंद्र राव आणि त्यांचे सोबती सभागृहात शिरले. हे कोणी निवडून दिले होते? तुमच्याच शंभरातल्या एकाने. ज्याची पावती तुम्ही तपासलीत, ज्याचा महसूल मोजलात, ज्याला तुम्ही स्वतः शहाणा आणि जबाबदार ठरवलंत, त्या माणसाने. बरं, त्या सभागृहाचं गुणगान मला करायचं नाही. तिथे वकील आणि मालगुजारच बसले होते. कमियाचं दुःख त्यांच्या पहिल्या बाकावर नव्हतं. तरी तो तुमचा नियम होता आणि तुमच्या नियमाने आलेला कौल होता.

१९२४ च्या जानेवारीत सभागृहाने मंत्र्यांवर अविश्वास दाखवला. मंत्री हटले नाहीत, तुम्ही हटवले नाहीत. मार्चमध्ये अर्थसंकल्प आला तेव्हा सभागृहाने एकामागून एक मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये केला. दोन रुपये! ज्या माणसावर आमचा विश्वास नाही त्याची आमच्या लेखी किंमत किती, हे याहून सोप्या भाषेत कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. मंत्री गेले. मग तुम्ही काय केलंत? राखीव खात्यांचा नामंजूर झालेला पैसा स्वतःच्या सहीने मंजूर करून घेतलात. आणि जी खाती लोकांच्या प्रतिनिधींना सोपवली म्हणून तुमच्या पार्लमेंटात टाळ्या वाजल्या होत्या, ती शाळा-दवाखान्यांची, नगरपालिकांची, शेतीची खातीही स्वतःच्या हातात घेतलीत. पोलीस आणि महसूल तुमच्याकडे आधीपासूनच होते. आता सगळंच तुमच्याकडे आलं.

या जागी माझा राग थांबत नाही. लोक अडाणी आहेत म्हणून मत देत नाही, असं म्हणणारा माणूस निदान आपल्या समजुतीला धरून वागतो. तुम्ही तेही केलं नाहीत. अडाणी म्हणून नव्व्याण्णवांना वगळलंत आणि शहाणा म्हणून निवडलेला एक बोलला तर त्याचंही तोंड बंद केलंत. याचा अर्थ प्रश्न शिक्षणाचा नव्हता, मालमत्तेचा नव्हता, पडद्याचा नव्हता. तुम्हाला हवं तेच बोलणारी माणसं तुम्हाला हवी होती, आणि तशी मिळेनात तेव्हा एकही नको झालं. कौन्सिल हॉल बांधला, घंटा वाजवली, सभापती बसवला, आणि निर्णय मात्र बंगल्यावर झाले. नागपूरचे लोक हे डोळ्यांनी पाहत होते. गोऱ्या माणसाच्या कायद्यावरचा त्यांचा उरलासुरला विश्वास तुमच्या त्या सह्यांनी संपवला.

वऱ्हाडाचं तर आणखी निराळंच. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, म्हणून अकोल्या-अमरावतीच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस थेट सभासद होत नसे. आधी त्याला लोकांनी निवडायचं आणि मग त्याच माणसाची तुम्ही नेमणूक करायची. लोकांच्या मतावर तुमचा शिक्का बसल्याशिवाय ते मत ठरत नव्हतं.

तुमच्यामागून आलेल्यांनी कुलूप थोडं सैल केलं, पण दार तेच ठेवलं. १९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या विधानसभेला ११२ जागा दिल्या. त्या वाटल्या कशा, हे भिलाईतल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर लिहून दाखवत असे. ८४ सर्वसाधारण, त्यांतल्या २० पुणे करारानुसार दलितांसाठी राखीव. मुसलमानांना १४. स्त्रियांना ३. जमीनदारांना ३. व्यापाराला २, मजुरांना २. युरोपियनांना १, अँग्लो-इंडियनांना १, विद्यापीठाला १. आणि आदिवासींसाठी १. इथे माझा खडू थांबे. ज्या मुलखाला लोक गोंडवन म्हणत आले, जिथे मंडल्यापासून चांद्यापर्यंत गोंड राजांचे किल्ले उभे आहेत, तिथे गोंड, हलबा, कोरकू, बैगा या सगळ्यांना मिळून एक खुर्ची. मूठभर युरोपियनांनाही एक खुर्ची. वर्गात गोंड मुलं बसलेली असत. त्यांच्याकडे पाठ करून ही ओळ लिहिणं मला सोपं जात असे, वळणं जड जाई.

दुर्गहून पश्चिमेला तासाभरावर राजनांदगाव. तिथे एक खुर्चीही नव्हती. ते संस्थान, शेजारचं खैरागड, छुईखदान, कवर्धा हीही संस्थानं. १९३७ च्या फेब्रुवारीत दुर्गच्या बाजूला मतपेट्या ठेवल्या गेल्या आणि शिवारांच्या पलीकडे त्याच भाषेच्या, त्याच जातीच्या, कधी त्याच घरच्या माणसाला मत नव्हतं. राजनांदगावच्या गिरणीत ठाकूर प्यारेलाल सिंहांनी १९२० मध्ये मजुरांचा मोठा संप घडवला होता. संप करता येत होता, मत देता येत नव्हतं. ही संस्थानं १ जानेवारी १९४८ ला प्रांतात विलीन झाली तेव्हा कुठे ती रेघ पुसली.

तरीही त्या अरुंद दारातून जी माणसं आत गेली, त्यांच्यापुढे मी हात जोडते. १९३७ च्या विधानसभेचे सभापती झाले आमच्या दुर्गचे वकील घनश्यामसिंह गुप्त. संविधानाच्या हिंदी अनुवादाच्या समितीचे अध्यक्षही पुढे तेच. आणि उपसभापतीच्या खुर्चीवर बसल्या अनसूयाबाई काळे. १८ वर्षांपूर्वी तुम्ही स्त्रियांना मताला नालायक ठरवलं होतंत. त्याच नागपुरात आता एक बाई सभागृहाला शांत राहायला सांगत होती आणि पुरुष शांत होत होते. तिचा आवाज तुम्ही ऐकायला हवा होतात.

१९४६ मध्ये संविधान सभा निवडली ती याच विधानसभांनी, म्हणजे पावतीवाल्यांच्या मतांनी आलेल्यांनी. तुमच्या कुलपातून आत गेलेल्या त्या माणसांनी पहिलं मोठं काम केलं ते कुलूप काढण्याचं. कलम ३२६. वयाची २१ वर्षं पुरी झाली की मत. महसूल किती, भाडं किती, शाळा किती, काही विचारायचं नाही. त्या सभेत सतनामींचे गुरू अगमदास होते आणि मसुदा समितीच्या अध्यक्षपदी होते तुमच्या समितीपुढे १९१९ मध्ये साक्ष दिलेले तेच प्राध्यापक.

आता माझ्या घरची गोष्ट. माझे आबाजी वर्धेकडच्या एका खेड्यात सालदार होते. वर्षाच्या बोलीवर पाटलाच्या वाड्यात राबणारे. १९२० पासून १९४६ पर्यंत प्रांतात जितक्या निवडणुका झाल्या तितक्या त्यांनी वाड्याच्या ओसरीवरून पाहिल्या. पाटलाची बैलगाडी तेच जुंपत. पाटील मत देऊन परत येईपर्यंत बैलांना पाणी दाखवत उभे राहत. मतदानाची खोली आतून कशी असते, हे त्यांना वयाच्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

१९५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीला देशात १७ कोटींच्या वर मतदार होते. सकाळी आबाजींनी पाटलाची गाडी जुंपली नाही. आजीला घेऊन ते पायी निघाले. खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. वाचता येत नसलं तरी चालेल अशी सोय केलेली. बाबा तेव्हा शाळकरी, दाराबाहेर उभे होते, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. आत साहेबाने आजीला नवऱ्याचं नाव विचारलं. ती गप्प. नवऱ्याचं नाव ती जन्मात घेणार नव्हती, ते मागच्या बाईने सांगितलं. मग त्याने तिचं नाव विचारलं. आजीने स्वतःचं नाव इतक्या मोठ्याने घेतलं की बाहेर बाबांना ऐकू आलं. आपल्या आईचं नाव तिच्या तोंडून त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरात ती कोणाची आई, कोणाची सून, कोणाची काकू. उत्तरेकडच्या काही राज्यांत तर सुमारे २८ लाख बायकांनी यादीत फक्त अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं आणि निवडणूक आयोगाने ती नावं गाळली. नाव सांगा, तर मत मिळेल. पावती दाखवा आणि नाव सांगा, या दोन मागण्यांमधलं अंतर तुम्हाला कधी समजलं असतं का?

सगळं सुरळीत झालं, असं मी तुम्हाला लिहिणार नाही. तुम्ही गेलात तरी तुमची खोड इथे राहिली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा दीर खुर्सीपारचा. तो दरवर्षी दिवाळीनंतर 'कमाए-खाए बर' म्हणून बायको-पोरांसह वीटभट्टीवर जातो, कधी तेलंगणात, कधी उत्तर प्रदेशात. निवडणूक आली की तो भट्टीवर असतो. एका वर्षी तो इथे होता, तर यादीत नाव नाही, कारण चौकशीला कोणी आलं तेव्हा खोलीला कुलूप होतं. पट्टा नाही म्हणून तुम्ही त्याच्या पणज्याला नाकारलंत, आता पत्ता सापडला नाही म्हणून त्याचं नाव कटलं. कार्यालयाच्या तीन खेपा घालूनही त्या वेळी ते लागलं नाही. मजुरी बुडाली ती वेगळीच. आजही मोठ्या घरांतली शिकलीसवरली माणसं माझ्याच दिवाणखान्यात बसून म्हणतात, अडाण्यांना मत द्यायलाच नको होतं, साडीवर आणि दारूवर विकतात ते. तेव्हा मी त्यांना कंडेलच्या बाजाराबद्दल सांगते. ती गुरं फुकटात जात होती आणि एकाही अडाण्याने बोली लावली नाही.

१७ नोव्हेंबर २०२३ ला छत्तीसगड विधानसभेचं मतदान होतं. आमचं केंद्र सेक्टरमधल्या शाळेत. मी सकाळी लवकर गेले. माझ्या पुढे हीच आमची बाई होती. दोन घरची भांडी आटोपून, केस विंचरून, हातात चिठ्ठी घट्ट धरून. माझ्या मागे प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते घड्याळ पाहत होते, पण ओळीत होते. आत टेबलाशी बसलेल्या कर्मचाऱ्याने यादीवर बोट ठेवून तिचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात वाचलं. आधी तिचं, मग नवऱ्याचं.

तिने मान वर केली आणि म्हणाली, "हव."